आईच्या नोंदीशेजारी लेकरांसाठी एक रकाना

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे.

तसेच जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांस.

विषय: कारागृहातल्या आया आणि बाहेर राहिलेली त्यांची मुलं यांच्या भेटीगाठींबाबत.

महोदय, महोदया,

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आई तुरुंगात आहे अशी मुलं माझ्या वर्गात येत गेली. आधी त्यांच्या आजीला मुलाकातीचा, म्हणजे तुरुंगातल्या भेटीचा, अर्ज भरून द्यायचे, मग आधार कार्डांच्या झेरॉक्स काढून द्यायचे, पुढे त्यांच्यासोबत एसटीत बसून जाऊ लागले. घरातल्या म्हातारीला फॉर्म वाचता येत नाही आणि बापाला बहुतेक वेळा जायचंच नसतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

कुणाच्या गुन्ह्याची वकिली करण्यासाठी हे पत्र नाही. खटला कोर्ट चालवील, शिक्षा द्यायची तर कोर्ट देईल. माझं मागणं मुलांपुरतं आहे. एखादी बाई तुरुंगात दाखल होते त्याच दिवशी तिच्या बाहेर राहिलेल्या मुलांची नोंद व्हावी आणि त्या नोंदीवर कुणाची तरी जबाबदारी म्हणून काम व्हावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या तुरुंगांचा अहवाल काढतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरात २३,७७२ स्त्रिया तुरुंगात होत्या. त्यांतल्या १,५३७ जणींसोबत त्यांची १,७६४ मुलं आत राहत होती. ही मुलं मोजली जातात, कारण ती तुमच्या भिंतीच्या आत आहेत आणि त्यांना दूध, लस, पाळणाघर द्यावं लागतं. उरलेल्या बावीस हजारांहून जास्त बायकांना मुलं किती, ती कुठे आहेत, कुणाजवळ झोपतात, शाळेत जातात का, याचा एकही आकडा त्या अहवालात नाही. आत आईजवळ राहायची मुभा सहा वर्षांपर्यंतच आहे. म्हणजे शाळेत जाणारं जवळपास प्रत्येक मूल या न मोजलेल्यांत येतं. माझ्या वर्गात बसलेली मुलं यातलीच.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं. मला त्याचा फार आनंद झाला. शाळेच्या जनरल रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना आम्ही शिक्षक कितीतरी वर्षं भरत आलो आहोत, त्याची किंमत आम्हाला माहीत आहे. मुलाच्या कागदावर आई आली आहे. आता तुरुंगातल्या आईच्या कागदावर मूल यावं. नाव, वय, शाळा, सध्या कुणाकडे आहे, त्या माणसाचा फोन, मुलाला काही आजार आहे का, ते घरात कोणती बोली बोलतं, एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. काही ठिकाणी यातलं थोडंफार विचारलंही जात असेल. पण ते पुढे कुणाच्या टेबलावर जाताना मी पाहिलेलं नाही.

मुलाकातीच्या रांगेत कधी उभं राहून पाहावं, ही माझी आपणा सर्वांना मनापासून विनंती आहे. रांगेत निम्म्याहून जास्त बायका असतात. कुणी नवऱ्याला भेटायला आलेली, कुणी मुलाला, कुणी भावाला. कडेवर पोर, पिशवीत कपडे, हातात चिठ्ठी. पुरुष आत गेला की बाहेर राहिलेली बाई उसनवारी करून, पदरमोड करून, तारखा पाठ करून येत राहते. बाई आत गेली की बाहेर रांगेत उभं राहायला कोण उरतं? नवरा दुसरा संसार मांडतो किंवा तोंड फिरवतो. भाऊ गावाच्या बोलण्याला घाबरतो. शेवटी उरते तिची आई, आणि तीही थकलेली. खानदेशातल्या ज्या मुलांना मी घेऊन गेले, त्यांना बहुतेक आईच्या आईनेच सांभाळलं होतं. तिचं पोट हातावर. कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवस मुलाकातीला गेला की त्या दिवसाचा रोज गेला. एका आजीने मला अहिराणीत सांगितलं होतं, "मी गऊ तं रोज बुडस, नही गऊ तं पोऱ्या रडस." २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांवरच्यांना तर प्रवास फुकट आहे. याचा या आज्यांना फार मोठा आधार झाला, हे मी मुद्दाम लिहिते. पण बुडालेला रोज कुणी भरून देत नाही.

एका भेटीचं सांगते. मुलगा दुसरीतला होता. काचेच्या पलीकडे आई, अलीकडे आजी आणि नातू, आणि दोघांत मिळून एकच रिसीव्हर. आजीचा बराच वेळ रडण्यात आणि वकिलाने काय सांगितलं ते सांगण्यात गेला. मग रिसीव्हर मुलाच्या हातात आला आणि तो गप्प. एक शब्द नाही. अशा वेळी बायका "बोल ना रे, बोल ना" म्हणत कासावीस होतात आणि मूल आणखी मिटतं. या बाईने तसं केलं नाही. तिने खुणेने त्याला तोंड उघडायला लावलं. पुढचे दोन दात पडलेले पाहून ती हसली. मग त्याला मागे फिरायला लावलं, केस कसे कापलेत ते पाहिलं, मानेवरचं गळू बरं झालंय का ते पाहिलं. मग रिसीव्हरवर म्हणाली, "सातचा पाढा येतो का?" त्याला तो येत होता. सात एके सातपासून त्याने सुरुवात केली, आवाज मोकळा होत गेला, आणि सात नवे त्रेसष्टला लाइन बंद झाली. वेळ संपली होती. तो सत्तरपर्यंत म्हणून थांबला. ती बाई चौथीच्या पुढे शिकलेली नाही. बुजलेल्या मुलाला ज्याचं उत्तर त्याच्याजवळ आहे तेच विचारायचं असतं, हे आम्हाला डी.एड.ला शिकवलं गेलं, तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आतल्या आया हे सगळं कसं निभावतात हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते. एकीच्या मुलीला सिकलसेल आहे. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. ही बाई प्रत्येक भेटीत पहिलं वाक्य तेच बोलते: पाणी पीत जा, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नको, थंडीत डोकं बांध. मुलीला कळा कधी सुरू होतात, तेव्हा कुठल्या दवाखान्यात न्यायचं, काय सांगायचं, हे सगळं आईच्या डोक्यात आहे. मुलगी ज्या मामीकडे राहते तिला ते माहीत नव्हतं. अटक झाली त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. तसं झालं नाही. पोरीने एक दुखणं अंगावर काढलं आणि मग कळलं.

दुसरी एक बाई शिक्षा झालेली आहे. आतल्या कामाचे मिळतात ते पैसे जमवून ती शाळा सुरू होण्याच्या सुमाराला घरी पाठवते, वह्यांसाठी. कच्च्या कैद्यांना, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांना, अशी कमाई बहुतेक नसतेच. त्या निरोप पाठवतात. जामिनावर सुटून जाणाऱ्या बाईच्या तोंडी निरोप असतो की रेशन कार्ड कोठीच्या मागे आहे, जातीचा दाखला काढायला आजोबांचा जुना शाळा सोडल्याचा दाखला शोधा, धाकटीला पोटावर झोपायची सवय आहे. लिहिता न येणारीचं पत्र बॅरेकमधली दुसरी लिहून देते. एका आईने माझ्याकडून शाळेचं वेळापत्रक मागवून घेतलं होतं. कोणत्या तासाला मुलगा काय करत असेल हे तिला माहीत असायला हवं होतं. पुढच्या भेटीत तिने त्याला विचारलं, "बुधवारी दुपारी खेळाचा तास असतो ना?" पोराच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. त्याला वाटलं, आई सगळं बघते आहे.

या बायका आपल्या परीने काही कमी करत नाहीत. नातं तुटतं ते अंतरामुळे, कागदांमुळे आणि वेळापत्रकामुळे. या तिन्हींवर आपलं नियंत्रण आहे.

अंतर घ्या. खटला चालू असेपर्यंत बाई जिल्ह्याच्या ठिकाणी असते. शिक्षा लागली की नाशिकरोड किंवा येरवडा. जळगावाहून नाशिक सुमारे २५० किलोमीटर, पुणे त्याच्याही कितीतरी पुढे. धडगाव, मोलगीकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालावं लागतं, मग जीप, मग शहादा किंवा नंदुरबारहून एसटी. धुळ्याला पोचेपर्यंत दुपार होते. नाशिकला त्याच दिवशी भेट होणं शक्यच नाही, म्हणजे रात्र स्टँडवर. शाळकरी मुलाला घेऊन स्टँडवर रात्र काढा, असं आपण कुणाला सांगू? संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये महिला कैद्यांसाठी जे बँकॉक नियम मंजूर केले, त्यांत स्त्रीला शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावं असं आहे. आणि घरापासून दूर ठेवली तर त्या अंतराने होणारं नुकसान भरून निघेल असे उपाय करावेत, असंही आहे. धुळे किंवा जळगाव इथे शिक्षा झालेल्या महिलांसाठी पुरेशी जागा आणि काम उभं राहणं हा त्यावरचा पक्का उपाय. तो उभा राहीपर्यंत निदान मूल असलेल्या आईला वर्षातून काही काळ भेटीसाठी आपल्या जिल्ह्यात आणून ठेवता येईल.

मग हंगाम. दिवाळी झाली की खानदेशातली, विशेषतः नंदुरबार आणि चाळीसगाव भागातली, कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. गुजरातेत जातात, पश्चिम महाराष्ट्रात जातात. मूल ज्या मामाकडे किंवा काकाकडे आहे तोच कोयता घेऊन गेला, की मुलाचं काय होतं? एक तर तेही फडावर जातं, शाळा सुटते. नाही तर कुणाकडे तरी ठेवलं जातं. आईला महिनोन् महिने कळत नाही की मूल कुठे आहे. मुलाकात नाही, फोन लागत नाही. आतल्या बाईला वाटतं, सगळ्यांनी आपल्याला टाकलं. ऊसतोडीचा हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे. महिला व बालविकास विभागाने दिवाळीच्या आधी अशा मुलांची घरं एकदा फिरून पाहिली तर अर्धी मुलं शाळेत टिकतील, असं मला अनुभवावरून वाटतं.

वेळापत्रकाचं दुखणं सगळ्यांत सोपं आहे आणि म्हणून सगळ्यांत जास्त खुपतं. बहुतेक ठिकाणी मुलाकात कामाच्या दिवशी असते, रविवारी आणि सणासुदीला बंद. मुलांना सुटी नेमकी तेव्हाच. भेटीला यायचं तर शाळा बुडवायची. आश्रमशाळेतल्या मुलाला तर सोडायला पालक लागतो, आणि पालक आत आहे. महिन्यातला एक रविवार, फक्त अठरा वर्षांखालील मुलांसाठी, महिला विभागात भेटीला उघडा ठेवा. कर्मचारी कमी आहेत हे मला ठाऊक आहे. महिला शिपायांनाही घरी लेकरं आहेत, त्यांची सुटी मला हिरावून घ्यायची नाही. त्यांना बदली सुटी द्यावी लागेल, त्यासाठी मंजुरी लागेल. तेवढी मंजुरी आपण द्यावी.

आणि आखाजी. पुण्यातल्या कार्यालयात बसणाऱ्यांना कदाचित कल्पना नसेल, पण खानदेशात अक्षय्य तृतीया हा लेकीबाळींचा सण आहे. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावरचे मांडे होतात. त्या दिवशी महिला बॅरेकमध्ये कुणी जेवत नाही, हे मला एका सुटून आलेल्या बाईने सांगितलं. राज्यातल्या काही मध्यवर्ती कारागृहांत गळाभेटीचा कार्यक्रम होतो, मुलं आत जातात, आईवडिलांच्या मांडीवर बसतात. हा उपक्रम ज्यांनी सुरू केला त्यांचे मी मनापासून आभार मानते. तो खानदेशातल्या जिल्हा कारागृहांतही महिलांसाठी नेमाने व्हावा, आणि त्यातली एक गळाभेट आखाजीच्या सुमाराला व्हावी. बँकॉक नियमांत मुलांच्या भेटीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की आई आणि मूल यांच्यात मोकळा स्पर्श होऊ द्यावा. काचेतून दात दाखवता येतात, तापलेलं कपाळ दाखवता येत नाही.

आता एक अशी गोष्ट, जी कागदावर कुठेच सापडणार नाही. पूर्वी कोर्टाच्या तारखेला बाईला प्रत्यक्ष आणत. अमळनेर, भुसावळ, शहादा, जिथलं कोर्ट तिथे. आजी मुलांना घेऊन सकाळपासून व्हरांड्यात बसायची. सोबतची महिला पोलीस माणुसकीची असली तर दोन घटका मुलाला जवळ बसू द्यायची. ती भेट नियमात नव्हती, पण कित्येक मुलांना आईचा स्पर्श झाला तो तेवढाच. आता बऱ्याच तारखा व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओ कॉलवर, होतात. गार्ड मिळत नाही म्हणून तारीख पुढे जाण्यापेक्षा व्हीसी बरी, वेळ वाचतो, हे मला मान्य आहे. पण त्या सुधारणेत मुलांची भेट गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. विधी सेवा प्राधिकरणांनी हे न्यायाधीशांच्या नजरेस आणावं. लहान मुलं असलेल्या आईला ठरावीक तारखांना तरी प्रत्यक्ष हजर करावं, आणि कोर्टाच्या आवारात एक खोली तासभर मिळावी.

ई-मुलाकातीचं, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या भेटीचं, पोर्टल आहे, आतून फोन करण्याचीही सोय झाली आहे. चांगलं आहे. पण पाड्यावर नेटवर्क नाही. आजीच्या हातातला फोन भाच्याच्या नावावर आहे, त्याची पडताळणी अडते. ओटीपी येतो तो शेजाऱ्याच्या नंबरवर. नातं सिद्ध करा म्हणतात. मुलाचा जन्मदाखला नसतो, असला तर त्यावर आईचं नाव चुकलेलं असतं. शाळेचं बोनाफाईड आणि जनरल रजिस्टरचा उतारा नात्याचा पुरावा म्हणून चालेल, एवढं एक परिपत्रक काढा. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, ग्रामपंचायतीची सेवा केंद्रं यांना ई-मुलाकातीची ठिकाणं म्हणून मान्यता द्या. शाळेत नेट आहे, स्क्रीन आहे, ओळखीचा माणूस आहे. मूल शाळेतून उठून शेजारच्या खोलीत जाईल, आईशी बोलेल, परत वर्गात येईल. ना रोज बुडेल, ना शाळा. कॉलवर बोलणं अहिराणीत, भिलीत, पावरीत होईल, हेही गृहीत धरा. ज्या भाषेत मूल आईशी बोलतं तीच बोलू द्यावी.

सगळ्यांत अवघड प्रकरण वेगळंच आहे. पुष्कळ बायकांवरचा गुन्हा घरातलाच असतो. नवऱ्याच्या खुनाचा आरोप, नाही तर सुनेच्या मृत्यूचा. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असेल तर मुलं सासरी असतात, आणि सासरचीच माणसं फिर्यादी आणि साक्षीदार. ती मुलाला आईकडे आणतील अशी अपेक्षा कुणी करू नये. त्यांचाही मुलगा गेलेला असतो, त्यांच्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. कधी कधी मूलच साक्षीदार असतं, तिथे भेटीवर कोर्टाची नजर हवीच. पण गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच, खटला वर्षानुवर्षं रेंगाळत असताना, मुलाला आई पूर्ण परकी होऊन जाते. तिच्याबद्दल जे कानावर पडतं तेवढंच त्याला माहीत असतं. इथे आजी, शिक्षिका, शेजारी कुणीही पुरे पडत नाही. इथे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचाच माणूस लागतो. तो दोन्ही घरांशी बोलेल, मुलाची इच्छा काय आहे ते विचारेल, बाल कल्याण समितीसमोर प्रश्न मांडेल आणि भेट घडवायची की नाही ते ठरवून घेईल. मुलाला भेटायचं नसेल तर त्याचाही मान राखायला हवा. आज कुणी विचारतच नाही.

कायद्याचं मी थोडक्यात सांगते, कारण आपल्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात कुटुंबीयांना भेटणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो खटला एका स्थानबद्ध आईचा होता. तिची साधारण पाच वर्षांची मुलगी मावशीकडे होती आणि महिन्यातून एकदाच भेट मिळत होती. न्यायालयाने ती अट रद्द केली. २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की, सहा वर्षांनंतर मुलाला संस्थेत ठेवायचं झालं तर शक्यतो तुरुंग ज्या शहरात आहे तिथेच ठेवावं, आणि त्याला आठवड्यातून किमान एकदा आईच्या भेटीला आणावं. आणायची जबाबदारी समाजकल्याण विभागाची. हा निकाल लागला तेव्हा जन्मलेलं मूल आज मतदान करतं. खानदेशातल्या बालगृहांतून अशी दर आठवड्याची भेट होते का, हे या तीन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या नोंदी उघडून पाहावं आणि जाहीर करावं.

जामिनाचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८० खाली स्त्रीला जामीन देताना वेगळा विचार करायला वाव आहे. कलम ४७९ खाली पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की सुटकेचा रस्ता आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. पण जामीन मंजूर होऊनही बाई आतच राहते, कारण जामीनदार नाही. ऐपतीचा दाखला कोण देणार, सातबारा कुणाच्या नावावर? तिच्या नावावर कधीच काही नव्हतं. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तेव्हा जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. या तीन जिल्ह्यांत तिचा लाभ किती आयांना झाला, हे विधी सेवा प्राधिकरणाने सांगितलं तर आमच्यासारख्यांना अर्ज करायला बळ मिळेल. बाल संगोपन योजनेतून संकटातल्या मुलांना महिना २,२५० रुपये मिळतात. आजीला ती योजना कुणी सांगितलेली नसते. दाखल होताना मुलांची नोंद झाली असती तर ती तिथूनच सुरू झाली असती.

धुळ्याच्या तुरुंगाबद्दल आम्हा खानदेशी माणसांना एक जिव्हाळा आहे. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या गजांआडून समाजाला फार मोठं काही मिळालं, हे आम्ही शाळेत शिकवतो. म्हणून तुरुंगाकडून चांगल्याची अपेक्षा करणं आम्हाला वावगं वाटत नाही.

चोपडा, यावल, शिरपूर भागातल्या काही शिक्षकांशी मी बोलले आहे. ई-मुलाकातीसाठी शाळेची खोली द्यायला आणि मुलासोबत बसायला ते तयार आहेत. त्यांना आपल्याकडून लेखी पत्र हवं आहे, नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना काय सांगणार? गळाभेट ठरवलीत तर तारीख दोन-अडीच महिने आधी कळवावी. फडावर गेलेल्या मामाला मुकादमाकडे सुटी मागावी लागते, उचल घेतलेली असते, आयत्या वेळी त्याला निघता येत नाही. आणि कळवताना पत्र फक्त मराठीत पाठवून थांबू नये. गावच्या शाळेत फोन करून सांगावं, आम्ही पाड्यावर निरोप पोचवू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव